नरसम्माची साक्ष, माझ्या तोंडून

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "कोर्टात एवढी वर्षं काढलीत, काही गमतीजमती लिहा की." मी हो म्हणून बसले. गमती नाहीत असं नाही, पण लिहायला बसलं की हाताला दुसरंच लागतं. आज सुरुवात करण्याआधी मी उठून दाराची कडी लावून आले, तीही भरदुपारी. घरात कुणाला सांगितलं नाही, उगीच हसतील.

मी सोलापूरच्या कोर्टात लिपिक होते. माहेर आणि सासर दोन्ही शहराच्या पूर्व भागातलं, यंत्रमागवाल्यांचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळलं की या बाईला दोन्ही भाषा येतात, आणि झालं. एखादा साक्षीदार तेलुगूशिवाय बोलेना की शिपाई माझ्या टेबलापाशी हजर. "चला मॅडम, दुभाषी पाहिजे." पगार तोच, टेबलावरच्या फायली तशाच पडून, आणि मी कोर्टात उभी.

हे काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून उभं राहायचं. आधी आपणही शपथ घ्यायची, की जे ऐकू तेच सांगू. वकिलाचा प्रश्न साक्षीदाराला तेलुगूत सांगायचा, त्याचं उत्तर न्यायाधीशांना मराठीत. आमच्या जुन्या बेंच क्लार्कनी मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. "तो म्हणतोय की, असं कधी म्हणायचं नाही बाई. साक्षीदार मी म्हणाला की तुम्हीपण मी म्हणायचं. जबानी तशीच लिहिली जाते. तुम्ही तिथं नसताच असं समजा."

आता मी तिथं नाही कशी? आवाज माझा, तोंड माझं. या तोंडानं मी एका दुपारी सुताची बाचकी चोरली आहेत, नंतर कधी नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला आहे, आणि कधी नवरा मेला म्हणून रडले आहे. एकदा एक पिकलेला कामगार न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, तुमच्या दारात माझे केस पांढरे झाले, तुम्ही नुसत्या तारखा वाटता." मला ते साहेबांच्या तोंडावर म्हणावं लागलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं ते त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. मग शांतपणे म्हणाले, "लिहून घ्या."

सांगायचं हे की माणूस बोलणाऱ्या तोंडाकडं बघतो. शब्द कुणाचे आहेत हे त्याला डोक्यानं ठाऊक असतं, पण राग येतो तो तोंडाचा. आमच्या वाचनालयात बायकांचं एक मंडळ आहे. तिथं कादंबरीवर चर्चा चालते, की यातला मी म्हणजे लेखक स्वतःच का, त्याच्या डोळ्यांनी बघितलेलं खरं मानायचं का. सगळ्या हिरिरीनं बोलतात. मी चहाचे कप गोळा करते. सिनेमात तर फारच सोय असते. साक्षीदारानं तोंड उघडलं की पडद्यावर तो प्रसंगच सुरू होतो, आपण डोळ्यांनी बघतो आणि घरी जातो. कोर्टात तसलं काही दिसत नाही. एक म्हातारी बोलते, तिच्या शेजारी एक बाई बोलते, आणि तेवढ्यावर कुणीतरी जन्मभर आत जातो किंवा बाहेर येतो.

महादेवीच्या खटल्यात ती बाई मी होते. नावं सगळी बदलली आहेत.

महादेवी अक्कलकोटकडची, कानडी घरातली. तिनं आमच्या भागातल्या सीनूशी पळून जाऊन लग्न केलं. सीनू म्हणजे चार माग, दोन गाड्या आणि मागं पोरांचं टोळकं असलेला माणूस. खाली कारखाना, वर घर, त्यावर गच्ची. एके दिवशी दुपारी महादेवी गच्चीवरून खाली पडली आणि गेली. सीनू म्हणाला, टॉवेल वाळत घालताना तोल गेला. माग चालू होते, त्यामुळं आवाज कुणालाच ऐकू आला नव्हता. पण समोरच्या ओट्यावर नरसम्मा विड्या वळत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. तिनं मान वर केली आणि बघितलं. अंत्यविधीच्या दिवशी तिनं महादेवीच्या आईला मिठी मारली. एकीला तेलुगू येईना, दुसरीला कानडी, म्हणून नरसम्मानं दोन्ही हात पुढं करून ढकलल्याची खूण करून दाखवली. पोलिसांनाही तिनं तेच सांगितलं. पण पोलिसांपुढं सांगितलेलं कोर्टात पुरत नाही. कोर्टात उभं राहून परत सांगावं लागतं, आणि नरसम्माला तेलुगूशिवाय भाषा नव्हती.

साक्षीसाठी माझं नाव ठरलं आणि त्याच आठवड्यात सीनू घरी आला. जामिनावर होता. डोक्याचे केस काढलेले, कपाळाला गंध, हातात लाडूचा डबा. तिरुपतीहून येत होता. मी एकटीच घरात होते. चप्पल बाहेर काढून, खाली बघत आत आला, सोफ्याच्या कडेला बसला आणि तेलुगूत म्हणाला, "अक्का, बालाजीचा प्रसाद. आधी तुम्हाला द्यावा वाटलं."

मी पाणी दिलं. त्यानं पेला तसाच खाली ठेवला.

"आपली भाषा तिथं कुणाला येते, अक्का? जज मॅडम नागपूरकडच्या. सरकारी वकील मोहोळचे. म्हातारी काहीपण बडबडेल, वय झालंय तिचं. लिहिलं जाणार ते तुम्ही बोलाल तेच."

"मी शपथ घेते रे," मी म्हणाले.

"घ्या की. शपथेला कोण नको म्हणतंय." तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "ज्योती स्कूटी लई जोरात चालवते बघा. विडी घरकुल वसाहतीकडं रस्ता खराब आहे. जपून जा म्हणावं."

ज्योती माझी मुलगी. तेव्हा कॉलेजात होती. ती घरी आली तोवर मी दारातच उभी होते. तिला काही सांगितलं नाही. स्कूटीची किल्ली घेतली आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा काढून दिली.

नवरा म्हणाला, "रजा टाक. आजारी पड." मी सरकारी वकिलांना एकीकडं गाठून विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. "तक्रार करा, पण मग तुम्हीच साक्षीदार होता, दुभाषी राहत नाही. तुमच्या जागी कोण येणार? त्यांच्या बाजूनं एक माणूस आधीच सुचवून ठेवलाय. तेलुगू उत्तम येतं म्हणे." म्हणजे मी हटले की नरसम्माच्या शेजारी सीनूचा माणूस उभा राहणार. हे समजल्यावर मला रजाही घेता येईना आणि झोपही.

तारीख पडायची आणि पुढं जायची. कधी त्यांचा वकील आजारी, कधी आणखी काही. लोकांना वाटतं तारीख पुढं गेली की सुटका. माझं उलट होतं. आदल्या रात्री जागरण, सकाळी उपाशीच निघायचं, आणि कोर्टात पोचल्यावर कळायचं की आज नाही. परत पहिल्यापासून. लाडूचा डबा मी उघडला नाही आणि टाकलाही नाही, देवाचा होता ना. कपाटावर ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. भाजीला गेले तर एक लाल मोटारसायकल मागं असायची. असायची की मला वाटायची, देव जाणे. घरचा फोन वाजायचा, उचलला की पलीकडं मागाची खटखट आणि बाकी काही नाही. आमच्या भागात खटखट कुठून नाही येत? पण मी फोन ठेवून आधी दाराची कडी बघायचे. ज्योतीला यायला जरा उशीर झाला की मी देवापुढं जाऊन बसायचे आणि मनातल्या मनात सीनूला म्हणायचे, बोलते बाबा तू म्हणशील ते. ती दारात आली की परत म्हणायचे, नाही बोलणार.

नरसम्माला मी भेटले नव्हते. दुभाष्यानं साक्षीदाराशी आधी बोलायचं नसतं. पण मनात ती माझ्यासोबतच होती. ती म्हातारी बाई बोलते म्हणते, नात पदरात असून बोलते, तर मला काय झालंय, असं मी स्वतःला सांगायचे. त्या जोरावर मी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे, ती बोलेल तेच बोलायचं.

तो दिवस आला. शिपायानं पुकारा केला. नरसम्मा आली ती इतकी लहान दिसत होती की पिंजऱ्याच्या कठड्यावर नुसतं तोंड. मी शेजारी उभी राहिले. तिच्या अंगाला तंबाखूचा वास होता. सीनू आरोपीच्या जागी, पांढरा शर्ट, हात बांधून. मागच्या बाकावर महादेवीची आई आणि भाऊ. आई माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मराठी तिला समजत होतं, तेलुगू अजिबात नाही. तिच्या लेकीचं काय झालं हे तिला माझ्याच आवाजात ऐकू येणार होतं.

नाव, गाव, वय झालं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

मी तेलुगूत विचारलं. नरसम्मा सीनूकडं बघत नव्हती, कठड्यावरच्या स्वतःच्या बोटांकडं बघत होती.

ती म्हणाली, "मी घरात होते. झोपले होते. मी काही पाहिलं नाही."

मी सगळ्याची तयारी करून आले होते, याची नव्हती. मराठीत सांगायचं सोडून मी तिच्याकडंच बघत राहिले. मॅडमनी मान वर केली. "काय म्हणाल्या त्या?"

त्या क्षणाला माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. सीनूनंच मला शिकवलं होतं की मी बोलेन तेच लिहिलं जाणार. मी म्हणू शकत होते, मी ओट्यावर होते आणि मी पाहिलं. ते खरंच होतं. सगळा भाग जाणत होता. सीनू उठून ओरडला असता, पण त्याचं कोण ऐकतंय? जिभेवर आलं होतं. पण मी जे ऐकलं ते सांगण्यासाठी तिथं उभी होते, मला जे ठाऊक आहे ते सांगण्यासाठी नाही. आज एका म्हातारीच्या खोट्याचं मी खरं केलं, तर उद्या कुणाच्या खऱ्याचं कुणी काय करील? आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, तेही सांगते. आत कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटलं. ज्योती आता सुरक्षित होती, आणि मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. ते वाटल्याची लाज मला आजही आहे.

मी म्हणाले, "मी घरात होते. झोपले होते. मी काही पाहिलं नाही."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, हुंदकाही नाही आणि शब्दही नाही. सरकारी वकिलांनी नरसम्मा फितूर झाल्याचं कोर्टाला सांगितलं, मग तिला उलटे प्रश्न विचारले. पोलिसांना असं का सांगितलं होतं? कुणी धमकावलं का? प्रत्येक उत्तर नाही, आठवत नाही, माहीत नाही. मी प्रत्येक वेळी तिच्यामागून म्हणत गेले. नाही. मला आठवत नाही. मला माहीत नाही. म्हणता म्हणता माझा आवाज तिच्याइतकाच बारीक झाला. मॅडम म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला."

पुढं निकाल लागला. दुसरा पुरावा नव्हता. सीनू निर्दोष सुटला. जाताना व्हरांड्यात मला हात जोडले आणि म्हणाला, "अक्का, लेकीचं लग्न ठरलं की सांगा. चादरी माझ्याकडून." त्याला तेलुगू येत होतं, मी एक अक्षरही फिरवलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी लोकांदेखत हात जोडले. बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजलं.

महादेवीची आईही बघत होती. थोड्या वेळानं ती माझ्या टेबलापाशी आली. मागं तिचा मुलगा, ओठ घट्ट आवळलेला.

ती म्हणाली, "बाई, म्हातारीनं त्या दिशी मला हातानं करून दावलं व्हतं. असं. ती खोटं बोलणारी न्हाय. तिनं हितं बी सांगितलं असणार की. तुमी भ्यालात. तुमी भिऊन दुसरंच बोललात, व्हय न्हवं?"

मी तिच्या मुलाकडं बघितलं. म्हातारीनंच खोटं सांगितलं असं मी म्हटलं असतं, तर तो इथून सरळ त्या ओट्यावर गेला असता. आणि ही बाई? हिच्या लेकीसाठी या गावात एकाच माणसानं तोंड उघडलं, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. तेवढंही मी काढून घ्यायचं? पण हो म्हटलं तर मी शपथ मोडल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल करते. नोकरी जाईल, खटला होईल.

"व्हय," मी म्हणाले. "मी भ्याले."

सगळी नोकरी दुसऱ्यांचं खरंखोटं बोलण्यात गेली, पण हे खोटं माझं स्वतःचं होतं.

मुलानं टेबलावर हात आपटला. आईनं त्याला मागं सारलं. मला म्हणाली, "तुमाला लेक हाय म्हणं. आसू दे." मग पिशवीतून इरकली खण काढला, हिरव्या काठाचा. "त्या म्हातारीला द्या. तिची भाषा मला येत न्हाय. माझ्या वतीनं तुमी सांगा तिला."

मी खण घेऊन नरसम्माच्या ओट्यावर गेले. समोर सीनूचे माग चालू होते. कुणी बघतंय का, कुणी उतरतंय का, माझं सगळं लक्ष तिकडं. नरसम्मा सूप घेऊन बसली होती. मला बघून तिचे हात थांबले. मी खण तिच्यापुढं ठेवला आणि सवयीनं आईचे शब्द तिच्याच तोंडचे म्हणून तेलुगूत सांगितले. "माझ्या लेकीसाठी तू बोललीस. तुझे उपकार मी विसरणार नाही."

नरसम्मानं खणाला हात लावला नाही. "मीच फिरले, हे तू तिला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता चल. आत्ता सांगते. मॅडमकडं ने मला."

मी तिला समजावलं की साक्ष झाली, निकाल लागला, आता तिनं नुसती हाक मारली म्हणून कोर्ट परत उघडत नाही.

"मग तू ऐक," ती म्हणाली. आणि मागांच्या खटखटीत, माझ्या कानाशी तोंड आणून, तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी असेपर्यंत बोलू नको. भयमैतुंदी." भीती वाटते.

महादेवीच्या आईनं माझी तक्रार कधीच केली नाही. ती पुढं वारली, नंतर नरसम्माही गेली. नात लांब आहे, कुठं ते लिहीत नाही. सीनू आहे. रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जातो आणि मान लववतो. हा अंक त्याच्याही हातात पडेल, म्हणून मघाशी कडी लावली. पण जबानी अर्धी ऐकून सोडता येत नाही. नरसम्मानं जसं सांगितलं तसं देते.

मी ओट्यावर विड्या वळत बसले होते. माग चालू होते. वर गच्चीवर काहीतरी हललं म्हणून मी बघितलं. तो तिला दोन्ही हातांनी कठड्याकडं ढकलत होता. तिचं एक चप्पल आधी खाली पडलं. ती ओरडत होती, तिचं तोंड उघडं होतं, पण मागांमुळं मला ऐकू येत नव्हतं. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. पडायच्या आधी तिनं मला बघितलं. मी उठले असते, ओरडले असते, तर तो थांबला असता की नाही ते मला माहीत नाही. मग त्यानंही माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली आणि पुढची विडी वळली.